गवताची गंजी आणि गव्हाची उडवी

इंग्लंडमधल्या शेतांची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहिली, तर घराशेजारच्या खळवाडीत दोन-चार मोठाल्या राशी हमखास दिसतात. वरून शाकारलेल्या, बाजूला शिडी टेकलेली, पुढ्यात खटाऱ्याला जुंपलेले केसाळ पायांचे थोराड घोडे. आपण सगळ्यांनाच गवताच्या गंज्या म्हणून मोकळे होतो. त्यातल्या बऱ्याच राशींत मात्र चाऱ्याचे गवत अजिबात नसते. तिथे ओंब्यांसकट रचलेला, अजून मळायचा राहिलेला गहू, बार्ली नाहीतर ओट असतो.

कोकणातल्या माणसाची यात गल्लत व्हायची नाही. भाताचे भारे रचले की ती उडवी, आणि माळावरचे गवत कापून रचले की गंजी. तेच शब्द इथे वापरतो. दोन्ही राशी लांबून सारख्या दिसत असल्या, तरी रचणाऱ्याच्या पोटात भीती वेगवेगळी असे. गंजीला धोका आतून आणि उडवीला बाहेरून. पुढचा सगळा फरक त्यातून येतो.

आधी गंजी. गवत जून-जुलैत, फुलोऱ्यावर असतानाच कापायचे, कारण बी धरले की त्यातला कस उतरतो. पूर्वी हे काम लांब पात्याच्या विळ्याने होई, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घोड्यांचे कापणीयंत्र आले. मग गवत उलटेपालटे करायचे, घोड्याच्या दंताळ्याने ओळीत ओढायचे, पाऊस येईलसे दिसले तर छोटे ढीग करायचे. ताज्या गवतात वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते. ते साधारण २० टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय गंजी रचणे म्हणजे आगीला आमंत्रण. इंग्लंडच्या उन्हाचा भरवसा किती, हे सांगायला नको. त्यामुळे घाई आणि धीर यांची ओढाताण दरवर्षीची.

ओलसर गवत दाबून रचले की आत सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि गंजी तापते. थोडी तापली तर बिघडत नाही. गवत तपकिरी होते, त्याला तंबाखूसारखा गोडसर वास येतो आणि गुरे ते आवडीने खातात. पण आतली उष्णता ६५-७० अंश सेल्सिअसच्या वर गेली की पुढचे काम रासायनिक क्रिया करतात, आणि रचल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत गंजी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर ठिणगी नाही, काडी नाही, तरी धूर. म्हणून शेतकरी लांब लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून ठेवत, थोड्या वेळाने उपसत आणि आत गेलेल्या टोकाला हात लावून पाहत. हात ठेववला तर ठीक. चटका बसला तर गंजी उकलायची, आणि तीही जपून, कारण एकदम वारा लागला की आतली धग भडकते. काही जण रचतानाच मधोमध पेंढ्याने गच्च भरलेले पोते ठेवत आणि थर चढेल तसे ते वर ओढत नेत. खाली वाफ जायला धुराड्यासारखी पोकळी राही. थरांवर मीठ भुरभुरण्याचीही चाल होती.

आपल्याकडे अशी आतून पेटलेली गंजी सहसा ऐकू येत नाही. आपले गवत पाऊस सरल्यावर, उभ्यानेच बरेचसे वाळलेले असताना कापले जाते. इथली गंजी पेटते ती ठिणगीने, नाहीतर कुणाच्या तरी वैराने.

गवताला ना बंध, ना टोक, त्यामुळे ते रचायचे म्हणजे तुडवायचे. काट्यांनी वर फेकलेले गवत दोघे-तिघे पायांनी दाबत, सारखे पसरत. इथे घोड्याचा मोठा उपयोग होई. उंच खांबाला कप्पी, कप्पीवरून दोर, दोराच्या एका टोकाला पंज्यासारखा लोखंडी काटा आणि दुसऱ्या टोकाला घोडा. घोडा चालू लागला की काटा भरून वर जाई, वरचा माणूस दोरीचा हिसका देऊन गवत सोडी, आणि पोरगा घोड्याला मागे आणी. दिवसभर तेवढीच वाट, जायची आणि यायची. इतर ठिकाणी घोडा गोल फिरून चढती पट्टी चालवी. नवी गंजी काही आठवडे बसत जाई, म्हणून शाकारणी त्यानंतरच. एका अंगाला कलली तर लाकडी टेकू.

उडवीची गोष्ट दुसरी. तिथे हाताळायची पेंढी असते, गवताचा गुंता नसतो. गहू कापून पेंढ्या बांधल्या की सहा-आठ पेंढ्या एकमेकींना टेकवून रानातच उभ्या करत. ओट तर चर्चच्या घंटा तीन रविवार ऐकेपर्यंत उभा ठेवावा, असे म्हणत. मग खटारा दोन रांगांमधून फिरे. घोड्याला धरलेला पोरगा पुढे हलण्याआधी 'घट्ट धर!' म्हणून ओरडे, कारण भाऱ्यांवर उभा असलेला गडी धक्क्यासरशी खाली यायचा. हे काम बहुधा लहान मुलांकडे असे, आणि ओरडायला विसरलेल्या पोराची दुपार चांगली जात नसे.

उडवीचे शत्रू दोन, पाऊस आणि उंदीर. म्हणून पेंढीची ओंबी आत आणि बुडखा बाहेर. मधला भाग कायम उंच राखायचा, म्हणजे प्रत्येक पेंढी बाहेरच्या बाजूला उतरती बसते आणि आत शिरू पाहणारे पाणी काडीवरून बाहेर ओघळते. मधोमध खोलगट राहिले तर पाणी थेट धान्यात जाई आणि ओंब्यांना मोड येत. चांगला रचणारा भिंतही वळचणीपर्यंत किंचित बाहेर फुगवत नेई. उंदरांसाठी वेगळी युक्ती. दक्षिण इंग्लंडमध्ये बरीचशी उडवी जमिनीवर टेकतच नसे. भूछत्राच्या आकाराच्या दगडी खांबांवर लाकडी चौकट आणि तिच्यावर रास. खांब चढून आलेला उंदीर छत्रीखाली अडकायचा. गंजीला हा थाट लागत नसे, तिच्यात उंदराला खायला काय असणार? खाली काटक्या-झुडपांचा थर पसरला की झाले.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी रंगवलेल्या प्रसिद्ध राशी जगभर गवताच्या गंज्या म्हणून ओळखल्या जातात. त्यातली एक २०१९ मध्ये लिलावात ११ कोटी डॉलरांवर गेली. प्रत्यक्षात त्या १५-२० फुटांच्या गव्हाच्या उडव्या आहेत. मळणीयंत्र गावोगाव फिरायचे, पाळी यायला मार्च उजाडायचा, म्हणून तर मोने यांना त्याच राशी उन्हात, धुक्यात आणि बर्फात सापडल्या.

इंग्लंडातही उडवी ही शेतकऱ्याची बँक होती. भाव चढेपर्यंत धान्य ओंबीतच ठेवायचे. आणि मजुराच्या दृष्टीने ती हिवाळ्याची रोजी होती, कारण काठीने झोडपून धान्य काढायला महिनेच्या महिने लागत. मळणीयंत्राने ती रोजी खाल्ली. १८३० मध्ये केंटपासून दक्षिण-पूर्व इंग्लंडभर मजुरांनी यंत्रे फोडली आणि राशी पेटवल्या. 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक नावाने मालकांना धमकीची पत्रे गेली. १९ जणांना फाशी झाली, सुमारे ५०० जणांची समुद्रापार रवानगी झाली. ही आग आतून लागलेली नव्हती.

गवताचे गिऱ्हाईक शहरात होते. लंडनच्या हेमार्केट रस्त्यावर १८३० पर्यंत खरोखरच गवताचा बाजार भरे. मापही ठरलेले, जुन्या गवताचा भारा ५६ पौंडांचा आणि नव्याचा ६० पौंडांचा, कारण नवे अजून आटायचे असते. ट्रामपासून दुधाच्या गाडीपर्यंत सगळे घोड्यावर चाले तोवर ही गंजी म्हणजे शहराचे इंधन होती. पुढे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने गंजी संपवली आणि कापणी-मळणी एकदम करणाऱ्या यंत्राने उडवी.

जुने छायाचित्र हिवाळ्यातले असेल, तर ओळखायला एक सोपी खूण आहे. गंजीतले गवत इतके घट्ट बसलेले असे की ते ओढून निघत नसे. रुंद पात्याच्या सुरीने खरवसाची वडी पाडावी तसे चौकोनी तुकडे कापून काढावे लागत. त्यामुळे एका टोकाला उभी, गुळगुळीत कड आणि बाकीचे छप्पर जागच्या जागी दिसले, तर ती गंजी. उडवी अशी अर्धी कापलेली दिसायची नाही. मळणीयंत्र दारात आले की भोवती तारेची जाळी लावत, कुत्री सोडत, आणि वरून एकेक पेंढी काढत दिवस मावळेपर्यंत तळाशी पोहोचत. उंदरांची खरी धावपळ तिथे सुरू व्हायची.