कैलासपती हिमालयातला नव्हे

‘शिवलिंगाचं हे फूल फक्त हिमालयात, तेही कैक वर्षांतून एकदाच उमलतं,’ असा मजकूर फोटोसह फिरत असतो. फोटो खरा असतो, माहिती नाही. ते फूल कैलासपती नावाच्या झाडाचं.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण, दमट वर्षावनांतलं. शास्त्रीय नाव कुरुपिटा गायनेन्सिस. यातलं ‘गायनेन्सिस’ म्हणजे गयाना प्रदेशातलं. बागेतल्या झाडाच्या पाटीवर हे नाव सहसा सापडतं. शिवाय उष्ण प्रदेशातलं हे झाड कडाक्याची थंडी सोसत नाही, मग बर्फात वाढेल कसं? आपल्याकडच्या उद्यानांत आणि देवळांच्या आवारात मात्र ते छान रुजलंय.

फूल जवळून बघाच. जाड गुलाबी पाकळ्या, मधे लिंगासारखा उंचवटा आणि त्यावर फण्यासारखे झुकलेले पुंकेसर. भाविकांना त्यात शिव दिसला, यात नवल नाही. फुलं थेट खोडावर लोंबणाऱ्या दांड्यांना येतात. रोज सकाळी झाडाखाली जाऊन पाहा, ताजा सडा दिसेल.

लावायचं तर मोकळ्या मैदानात लावा. तोफगोळ्याएवढी जड फळं पडतात, फुटली की घाण वास सुटतो. खाली बाक, पायवाट किंवा गाड्या नकोत.