एओव्ही() की वनवे.टेस्ट(): एकाच डेटाची दोन उत्तरं का येतात?

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच डेटावर आधी एओव्ही() आणि मग वनवे.टेस्ट() चालवलं, तर एफ (गटांमधला फरक गटांच्या आतल्या फरकाच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा) वेगळा येतो आणि पी-मूल्यही (फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता). दोन्हींना एकमार्गी अनोव्हाच (अनेक गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) म्हणतात, त्यामुळे डेटा वाचतानाच काही चुकलं असावं अशी शंका येते. बहुतेक वेळा डेटा ठीकच असतो.

एओव्ही() सगळ्या गटांचं प्रसरण (आकड्यांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) सारखं आहे असं धरून चालतं. हा फिशरचा मूळ अनोव्हा. वनवे.टेस्ट() मात्र वेगळं काही सांगितलं नाही तर वेल्चची पद्धत वापरतं आणि तिला ही अट लागत नाही. वनवे.टेस्ट()मध्ये व्हॅर.इक्वल = ट्रू (प्रसरणं सारखी धरा) लिहिलं की दोन्ही उत्तरं जुळतात. निकाल कोणत्या पद्धतीचा आहे हे दुसऱ्या डिग्रीज ऑफ फ्रीडमवरून (एफनंतरच्या कंसातला दुसरा आकडा) कळतं: मूळ अनोव्हात ती पूर्णांकच असते, वेल्चमध्ये सहसा अपूर्णांकात येते.

फरक किती पडतो ते बनवलेल्या आकड्यांवर पाहा. गटांचे आकार 20, 15, 5. सरासरी 50, 54, 60. प्रमाण विचलन 4, 5, 12. मूळ अनोव्हा देतो एफ(2, 37) = 6.58, पी 0.004. वेल्च देतो एफ(2, 9.52) = 4.24, पी 0.048. कारण वजनात आहे. मूळ पद्धत गटाला त्याच्या आकाराइतकं वजन देते, म्हणून पाच जणांच्या गटाला 12.5 टक्के. वेल्च आकाराला प्रसरणाने भागतो, त्यामुळे त्याच विस्कळीत गटाला जेमतेम 2 टक्के उरतात.

लहान गटाचं प्रसरण मोठं असेल तर मूळ अनोव्हा नसलेला फरक दाखवू लागतो. मोठ्या गटाचं प्रसरण मोठं असेल तर उलट, असलेला फरक निसटतो. गट सारख्या आकाराचे असले की धोका बराच कमी होतो. आधी लेव्हीन चाचणी (प्रसरणं सारखी आहेत का ते तपासणारी) करून मग पद्धत ठरवायची सवय सोडलेली बरी. लहान गटांत तिला असमानता बरेचदा पकडता येत नाही. आकार असमान असतील तर सरळ वेल्च घ्या.

गट 1, 2, 3 अशा आकड्यांत लिहिले असतील तर आणखी एक घोळ होतो. वनवे.टेस्ट() त्यांना स्वतःच गट मानतं. एओव्ही() त्यांना संख्या समजून सरळ रेषा बसवतं आणि कुठलीही सूचना देत नाही. तीन गट असून तक्त्यात गटापुढे डिग्रीज ऑफ फ्रीडम 2 ऐवजी 1 दिसली, तर गटांच्या स्तंभावर फॅक्टर() (आकड्यांना गटांची नावं मानायला सांगणारं) लावून पुन्हा चालवा.

एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वन-वे अनोव्हाच्या ऑप्शन्समध्ये जाऊन वेल्चवर खूण करावी लागते. तरी ‘अनोव्हा’ नावाचा तक्ता मूळ पद्धतीचाच राहतो. वेल्चचा निकाल वेगळ्या तक्त्यात येतो. अहवालात बरेचदा चुकीचा तक्ता उतरवला जातो तो इथेच.

अनोव्हानंतर कोणते गट एकमेकांपासून वेगळे ते पाहणाऱ्या जोडीवार तुलनेतही हाच भेद पाळायचा. टुकीएचएसडी() हे अशा तुलनेचं फंक्शन एओव्ही()चाच निकाल घेतं, वनवे.टेस्ट()चा नाही. वेल्चनंतर गेम्स-हॉवेल (प्रसरणं सारखी न धरणारी जोडीवार तुलना) वापरा, किंवा पेअरवाइज.टी.टेस्ट() पूल.एसडी = फॉल्ससह. एखाद्या गटात एकच नोंद असेल किंवा सगळ्या नोंदी सारख्या असतील, तर वेल्चचं गणितच होत नाही, कारण त्या गटाच्या प्रसरणाने भागता येत नाही.