उणे चाळीस अंशांवर तापलेलं इंजिन

एक्स्कॅव्हेटर, म्हणजे आपण सरसकट ‘पोकलेन’ म्हणतो ते यंत्र, सकाळपासून खडक फोडतंय. रेडिएटरजवळ हात धरवत नाही. आणि केबिनमधला पडदा सांगतोय : इंजिनच्या पाण्याचं तापमान उणे ४० अंश! सोबत पिवळा दिवा आणि एक कोड. कोडच्या वर्णनात ‘कूलंट टेंपरेचर सेन्सर’ हे शब्द दिसले की पुढचं ठरलेलं असतं. नवा सेन्सर येतो, बसतो, किल्ली फिरते आणि पडद्यावर पुन्हा उणे ४०. मग इंजिनच्या संगणकावर, म्हणजे ईसीएमवर संशय जातो आणि खर्चाचा आकडा फुगत जातो.

खरं तर त्या उणे चाळिसातच निदान दडलेलं आहे. कोड कुठला भाग बिघडला ते सांगत नाही. कुठल्या सर्किटमधून खुळचट उत्तर येतंय, एवढंच सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, दोन तारा, मधले कनेक्टर आणि ईसीएमची आतली बाजू, हे सगळं मिळून.

ही गंमत कळायला शाळेतला ओहमचा नियम पुरतो. तापमानाचा सेन्सर बहुतेक वेळा थर्मिस्टर असतो. साधी तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. याचा मात्र कमी होतो. असं उलटं वागणं मायकेल फॅरेडेला १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसलं होतं. सर्रास आढळणाऱ्या एका जातीच्या थर्मिस्टरचा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओहम असतो, तर १०० अंशांना जेमतेम १८६.

पण ईसीएमला रोध थेट मोजता येत नाही, त्याला कळतात फक्त व्होल्ट. म्हणून त्याच्या पोटात एक ठरावीक रोधक बसवलेला असतो. हिशेबापुरता तो १००० ओहमचा धरू. ५ व्होल्ट या रोधकातून आणि मग थर्मिस्टरमधून जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे जातात. दोघं ते ५ व्होल्ट आपापल्या रोधाच्या प्रमाणात वाटून घेतात आणि थर्मिस्टरच्या वाट्याला काय आलं ते ईसीएम मधल्या बिंदूवर वाचतो. २० अंशांना ३.५७ व्होल्ट, १०० अंशांना ०.७८. जास्त व्होल्ट म्हणजे थंड, कमी व्होल्ट म्हणजे गरम.

आता तार तुटली असं समजा. प्रवाहच वाहत नाही, त्यामुळे वाटणीला कुणी नाही आणि मधल्या बिंदूवर पूर्ण ५ व्होल्ट उभे राहतात. जास्त व्होल्ट म्हणजे थंड, मग ५ व्होल्ट म्हणजे कमालीचं थंड. अवजड वाहनांच्या ‘जे-१९३९’ (J1939) नावाच्या संदेशपद्धतीत पाण्याच्या तापमानाची मोजपट्टीच उणे ४० पासून सुरू होते, म्हणून काटा तळाला जाऊन बसतो. (काही इंजिनं असला आकडा न दाखवता एक ठरावीक तापमान गृहीत धरतात आणि पंखा पूर्ण वेगाने सोडतात.) उलट, तार घासून ग्राउंडला चिकटली तर शून्य व्होल्ट, म्हणजे भयंकर गरम.

या जे-१९३९ पद्धतीत कोडचे दोन तुकडे असतात. एसपीएन म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे आणि एफएमआय म्हणजे तक्रार कसली आहे. एसपीएन ११० म्हणजे पाण्याचं तापमान. एफएमआय ३ म्हणजे व्होल्ट प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर कमी. आणि ० असेल तर सेन्सरला हात लावू नका. सिग्नल ठीक आहे, इंजिन खरोखरच तापलंय!

समजा एफएमआय ४ आलाय. इंजिन बंद, किल्ली चालू, आणि सेन्सरचा कनेक्टर काढा. कोड ४ वरून ३ वर उडी मारतो का? मारली तर तारा आणि ईसीएम शाबूत आहेत, दोष सेन्सरमध्ये आहे. ४ तसाच राहिला तर तार कुठेतरी ग्राउंडला लागलीय किंवा ईसीएम आतून गेलाय. मुळात ३ असेल तर उलट करायचं : काढलेल्या कनेक्टरच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि ४ येतो का ते बघायचं. प्रवाहाला ईसीएममधला रोधक आवर घालतो, त्यामुळे काही जळत नाही. हा प्रयोग दोन तारांच्या थर्मिस्टरवरच करावा. तीन तारांच्या दाबाच्या सेन्सरमध्ये ५ व्होल्टचा पुरवठा अनेक सेन्सरांत वाटलेला असू शकतो. तो ग्राउंडला लावला तर सगळे एकदम बेशुद्ध. म्हणूनच एकाच क्षणी तीन-चार सेन्सरांचे कोड आले, तर ते सगळे एकदम मेले असं समजण्याआधी हा पुरवठा तपासावा.

बॅटरीची तार काढून ठेवली की संगणक ‘विसरतो’ आणि यंत्र बरं होतं, ही श्रद्धा अजून जोरात आहे. फार तर तक्रारवही कोरी होते, तार जुळत नाही. ‘रोज दुपारीच बंद पडतं, पछाडलंय’ हेही तसलंच. दुपारी धातू आणि प्लास्टिक तापून कमीजास्त प्रसरण पावतात आणि सैल पिनेची पकड सुटते, एवढंच. कोड वाचून लगेच ‘सेन्सर बदला’ सांगणारी महागडी ॲप त्या श्रद्धेपेक्षा फार पुढची नाहीत.

माझा खरा आवडता बिघाड वेगळाच आहे. त्यात कोड येतच नाही. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, पिना हिरव्या पडल्या आणि वाटेत २०० ओहमचा जास्तीचा रोध तयार झाला. सकाळी थंड इंजिनात २५०० चे २७०० होतात. फरक दोनेक अंशांचा, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण १०० अंशांना १८६ चे ३८६ होतात आणि ईसीएमला वाटतं, पाणी ७५ अंशांच्या आसपास आहे. तोच गंज, तोच रोध. थंडीत किरकोळ आणि गरमीत पंचवीस अंशांची चूक. १.३९ व्होल्ट ही अगदी सभ्य संख्या असल्याने ईसीएम तक्रार करत नाही. पंखा आळसावलेला राहतो, इंजिन वाचवायला ईसीएम एरवी कमी करतो ती ताकदही कमी होत नाही आणि इंजिन मुकाट्याने उकळीकडे जातं.

रात्रभर उभ्या असलेल्या यंत्रात पाणी, आत येणारी हवा आणि इंधन यांचे सेन्सर सकाळी जवळपास सारखंच तापमान दाखवायला हवेत, ही नेहमीची परीक्षा चांगलीच आहे. पण हा गंज तिच्यातून सहज निसटतो. त्याला गरम इंजिनावरच पकडावं लागतं : थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे पाण्याची वाट उघडझाप करणाऱ्या झडपेच्या धातूच्या आवरणावर, इन्फ्रारेड तापमापक धरायचा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायचं. फक्त घर चकचकीत ॲल्युमिनियमचं असेल तर तापमापकही फसतो, कारण चकाकता धातू अवरक्त किरण फार कमी सोडतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. तिथे आधी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, तो तापू द्यायचा आणि मग त्याच्यावर नेम धरायचा.