हाताला लागलेली गाठ आणि घराण्याची चौकशी : स्तनाच्या साध्या गाठींच्या तपासणीची पार्श्वभूमी

स्तनात गाठ हाताला लागली की बाईच्या मनात पहिला विचार कर्करोगाचाच येतो, आणि ही भीती बाजूला ठेवून गाठीकडे नीट पाहायला वैद्यकशास्त्रालाही फार काळ लागला. अशा बहुतेक गाठी साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, असतात. मात्र ते खात्रीने सांगण्याचे साधन शतकानुशतके हाताच्या बोटांपलीकडे नव्हते.

लंडनचे शल्यविशारद अॅस्टली कूपर यांनी १८२९ साली स्तनाच्या आजारांवरील सचित्र ग्रंथात साध्या गाठींचे वेगळे वर्णन केले. तरुण वयात आढळणारी फायब्रोअॅडेनोमा या साध्या प्रकारची गाठ गुळगुळीत असते आणि दाबली की गोटीसारखी बोटांखालून निसटते. कर्करोगाची गाठ बहुधा टणक, वेड्यावाकड्या कडांची आणि आजूबाजूच्या भागाला धरून बसलेली असते. हा फरक शिकलेल्या हाताला जाणवतो, पण त्या एकट्या हातावर विसंबणे धोक्याचे असते. बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांचे एक्स-रे अभ्यासले, १९३० साली न्यूयॉर्कमध्ये सुईने पेशी काढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, आणि पन्नाशीच्या दशकात सोनोग्राफीची सुरुवात झाली. हाताने तपासणी, प्रतिमा आणि सुईची तपासणी या तिन्हींचा मेळ घालण्याची आजची रीत यांतूनच घडली. तिन्हींचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर गाठ साधी म्हणून सोडून देता येत नाही.

साधने येत गेली तरी बाईला निर्णयात जागा मिळायला उशीरच झाला. विसाव्या शतकाचा बराच काळ गाठ काढून ती लगेच गोठवून तपासली जाई आणि कर्करोग आढळला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन काढला जाई, त्यामुळे शुद्धीवर येताना आपला स्तन जागेवर आहे की नाही हे तिला ठाऊक नसे. माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत क्लेशदायक पान आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९७९ साली भरवलेल्या परिषदेने तपासणी आणि उपचार हे दोन टप्पे वेगळे ठेवण्याची शिफारस केली. त्या समितीत पत्रकार आणि स्वतः या रोगाच्या रुग्ण असलेल्या रोझ कुशनर होत्या. दोनच वर्षे आधी, १९७७ मध्ये, अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती यांचा एकत्र विचार करणारी आजाराची मांडणी केली होती. निदानाची वाट पाहतानाची झोप, अंगावर पाजणारे मूल, घरातली जबाबदारी, सोबत येणारे माणूस हे प्रश्न तपासणीचाच भाग मानण्याला त्या मांडणीने आधार दिला.

कुटुंबाची चौकशी मात्र आणखी एका वाटेने आली. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसलेल्या कर्करोगाची वंशावळ मांडली. पुढे १९८५ मध्ये ड्युपाँ आणि पेज या अमेरिकन संशोधकांनी साध्या गाठीसाठी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झालेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांना पुढे कर्करोगाचा वाढीव धोका नसल्याचे दिसले. ज्यांच्या पेशींची वाढ वेडीवाकडी होती त्यांचा धोका, पेशींची जादा वाढ मुळीच नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, ५.३ पट निघाला, आणि घरात स्तनाचा कर्करोग असल्यास तो ११ पटींवर गेला. म्हणजे ‘साधी’ हा निष्कर्ष हाती आल्यावरही घराण्याची माहिती लागतेच.

१९९४ आणि १९९५ मध्ये, ज्यांतल्या दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो ती बीआरसीए जनुके हाती लागल्यावर या माहितीला नेमकेपणा आला. हा दोष आईइतकाच वडिलांकडूनही येऊ शकतो. तरीही चौकशी बहुधा आई, आजी आणि मावशीपाशी थांबते. मावशी आणि आत्या यांना मराठीत वेगळे शब्द असल्याने तपासणाऱ्याला दोन्ही बाजू स्पष्टपणे विचारता येतात, आणि वंशावळ काढताना (तिच्यात स्त्री वर्तुळाने दाखवतात) आत्याचे वर्तुळ रिकामे राहिले असेल, तर ते भरून घेतल्याखेरीज कागद बाजूला ठेवू नये.