यूपीएस-निरीक्षण (ओपन सोर्स)

लाईट गेल्यावर यूपीएसवर चाललेल्या मशीनला बॅटरीची खबर लागावी आणि बॅटरी संपायच्या आत ते स्वतःहून नीट बंद व्हावं, हे काम ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर सोपवणं. नाशकात सातपूर-अंबडचं वर्कशॉप असो, सीएचं ऑफिस असो की घरचा सर्व्हर, गरज तीच. घरातला इन्व्हर्टर यात सहसा येत नाही, त्याला डेटा पोर्टच नसतो. स्वस्त यूपीएसच्या मागे फोनसारखी सॉकेट दिसते तीही बहुतेकदा नुसती सर्जपासून बचावाची, केबल लावून काही मिळत नाही.

मुख्य सॉफ्टवेअर नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स. जन्मसाल कोणी १९९६ धरतं, कोणी १९९८. रसेल क्रोल यांचा एपीसीडी हा आधीचा प्रयत्न, मग मार्च १९९८ च्या सुमारास स्मार्टयूपीएसटूल्स, आणि आत्ताचं नाव साधारण १९९९ पासून. १९९८ जास्त पटतं, कारण आजच्या नटची सलग वंशावळ तिथून लागते. नटचं नेटवर्क पोर्ट ३४९३, बोलण्याची भाषा आरएफसी ९२७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात (२०२२) लिहून निघाली, तीही आधीपासून चालत आलेली पद्धत नोंदवणारी. एपीसीयूपीएसडी हे वेगळं सॉफ्टवेअर, मुख्यतः एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी, त्याचं पोर्ट ३५५१.

खरी गोम क्यू१ मध्ये, म्हणजे यूपीएसला त्याची स्थिती विचारण्याच्या आज्ञेत आहे. बाजारातले बरेच साधे यूपीएस मेगाटेक नावाची ही जुनी भाषा बोलतात, २४०० बॉडच्या (सिरीयल केबलच्या) वेगाने, आणि यूएसबीवाल्यांतही आत बऱ्याचदा तीच असते (नटचा ड्रायव्हर नटड्रव्ह-क्यूएक्स). उत्तरात इनपुट व्होल्टेज, आउटपुट व्होल्टेज, लोड, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान आणि आठ बिटांची स्थिती मिळते, पण चार्जचे टक्के नसतात. ते नट व्होल्टेजवरून अंदाजाने काढतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला १०.४ म्हणजे रिकामी आणि १३ म्हणजे भरलेली धरून. त्यामुळे चार्जिंगवर १३.५ दाखवणारी बॅटरी लाईट जाताच १२ वर बसते आणि स्क्रीनवर १०० चे एकदम ६० च्या आसपास होतात, बॅटरी बिघडलेली नसतानाही. शिवाय ऑनलाइन प्रकारचे यूपीएस एकूण नव्हे तर दर सेलचं व्होल्टेज सांगतात, २.२७ सारखं, म्हणून नटच्या सेटिंगमधला बॅटरी-पॅक्सचा आकडा कधीकधी हाताने भरावा लागतो (३६ व्होल्टला १८). टक्क्यांच्या अंदाजापेक्षा बरं म्हणजे नटचंच रनटाइमकॅल हे सेटिंग: स्वतः मोजून १०० टक्के लोडवर इतके सेकंद, ५० टक्क्यांवर इतके, असं दिलं की अंदाज बराच सुधारतो.

केबल लावल्यावर ड्रायव्हरला डिव्हाइस उघडायची परवानगी नसणं हा नेहमीचा अडथळा, युडेव्हचा (लिनक्समध्ये डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणाऱ्या भागाचा) नियम घालून यूएसबी काढून पुन्हा लावली की बहुधा भागतं.

झॅबिक्स, नॅगिऑस या मशीनवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरांत हे आकडे जोडता येतात. मोठ्या यूपीएसना बऱ्याचदा एसएनएमपी कार्ड (नेटवर्कवरून स्थिती सांगणारं) असतं, त्यातून मिळणाऱ्या आकड्यांची १९९४ ची मानक यादी आरएफसी १६२८ मध्ये आहे.

एका यूपीएसवर अनेक मशीन असतील तर केबलवालं मशीन मुख्य, बाकीची लॅनवरून ऐकणारी. मधला नेटवर्क स्विच मात्र यूपीएसवरच हवा. तो नुसता भिंतीच्या सॉकेटवर असला की लाईट जाताच तो मरतो आणि ऐकणाऱ्या मशीनना शेवटचं कळलेलं असतं ‘लाईन चालू’, मग बॅटरी संपेपर्यंत ती तशीच चालत राहतात.