व्हीलचेअर आपोआप हलते तेव्हा

बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या जॉयस्टिकला कोणी हात लावलेला नाही, तरी खुर्ची झटका देऊन पुढे सरकते किंवा एका बाजूला वळते. दर वेळी दोष रेडिओलहरींचाच असतो असं नाही, पण असू शकतो.

जॉयस्टिक मोटरला थेट वीज देत नाही, ती कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटला, फक्त व्होल्टेज कळवते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या बऱ्याच जॉयस्टिकमध्ये दांडी मधोमध असताना तो २.५ व्होल्टच्या आसपास असतो. दांडी पुढे ढकलली की एकीकडे सरकतो, मागे ओढली की दुसरीकडे. कंट्रोलरला दांडी दिसत नाही, आकडा तेवढा कळतो. आता जॉयस्टिक आणि कंट्रोलरच्या मधली केबल बघा. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २ मीटर, तिचा चौथा हिस्सा ५० सेंटिमीटर. खुर्चीच्या हाताखालून जाणारी ही केबलही साधारण तेवढीच भरते, म्हणजे अँटेना फुकटात तयार! तिच्यात उमटलेला वेगवान प्रवाह मोटर फिरवू शकत नाही. पण सर्किटमधल्या डायोड-ट्रान्झिस्टरमधून जाताना तो एकाच दिशेचा होतो आणि मूळ संदेशात थोडा स्थिर व्होल्टेज मिसळतो. समजा २.५ चे २.८ झाले, तर कंट्रोलरच्या लेखी दांडी ढकलली गेली.

लोक घाबरतात ते उंच मनोऱ्यांना. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. ५ वॅटच्या वॉकीटॉकीचं विद्युतक्षेत्र, म्हणजे लहरींचा जोर, १ मीटरवर सुमारे १६ व्होल्ट प्रतिमीटर असतं, अर्ध्या मीटरवर ३० च्या घरात (इतक्या जवळचा आकडा ढोबळच धरायचा) आणि ३ मीटरवर जेमतेम ५. याउलट ५० किलोवॅटच्या प्रसारण मनोऱ्याचं क्षेत्र १ किलोमीटरवर दीडच्या आसपास उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९०च्या दशकात व्हीलचेअरनं किमान २० व्होल्ट प्रतिमीटर सहन करावं, अशी शिफारस केली. आपल्या खुर्चीचा आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत शोधा. तो २० असला तरी सुरक्षारक्षकाचा वॉकीटॉकी खुर्चीच्या हातावर टेकवून बोलणं ती मर्यादा ओलांडू शकतं. मोबाइलची ताकद कमी, पण तो जॉयस्टिकला खेटून ठेवू नये. बोलायचंच असेल तर आधी खुर्ची बंद करावी. पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिकेच्या टपावर अँटेना दिसला की तिथून लांब राहावं.

खुर्ची मनाने हलू लागली, तर सुरक्षित वाटताच मुख्य स्विच बंद करा. जॉयस्टिकशी झटापट नको. खुर्चीचे ब्रेक उलट्या पद्धतीचे असतात: वीज मिळाली तर सुटतात, वीज गेली की स्प्रिंगने लागतात. म्हणून स्विच बंद करणं म्हणजेच ब्रेक दाबणं. खुर्ची गचकन थांबेल, तेव्हा पट्टा बांधलेला हवा. एक मोठा अपवाद आहे. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून ब्रेक सुटे करणारं जे लिव्हर मोटरजवळ असतं, ते तसंच सुटं राहिलं तर उतारावर स्विचचा काही उपयोग नाही. बसण्यापूर्वी ते जागेवर आहे ना, हे हाताने चाचपून पाहा.

मग कारण शोधायचं. ट्रान्समीटरपासून (लहरी सोडणाऱ्या यंत्रापासून) दूर गेल्यावर त्रास थांबला आणि त्याच जागी पुन्हा झाला, तर संशय लहरींवर. कुठेही होत असेल तर जॉयस्टिकच्या बुडाचं फाटलेलं रबर, आत गेलेलं पाणी, ढिला प्लग किंवा पिचलेली तार तपासा. आमच्या मते आधी हेच बघावं. जागा, वेळ आणि जवळ कोणता ट्रान्समीटर होता हे लिहून उत्पादकाला कळवा.

दुरुस्तीतही घोळ होतो. केबलवरची धातूची जाळी (शील्ड) किंवा लहरी अडवणारं फेराइट या चुंबकी पदार्थाचं कडं ‘जादा’ समजून काढलं जातं, शील्डचं टोक पुन्हा जोडायचं राहून जातं, किंवा बॅटरीतून परस्पर तार ओढून मोबाइलचा चार्जर बसवला जातो. त्यानंतर खुर्ची नेहमीसारखीच चालते, मात्र चाचणीतला २० चा आकडा तिला लागू राहीलच असं नाही.