थर्माकोल नव्हे, फट बुजवा

बेळगावच्या टिळकवाडीत भाड्यानं राहणाऱ्यांत एक समजूत पक्की आहे: खिडकीला थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावले की खानापूर रोडचे हॉर्न ऐकू येत नाहीत. चूक. हलकी वस्तू आवाज अडवत नाही. ट्रेनं फार तर खोलीतला घुमारा थोडा कमी होतो. बाहेरचा आवाज फटीतून शिरतो. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का फट उघडी राहिली, तर काच कितीही जाड असो, आवाजातली घट साधारण २० डेसिबलवर अडते. रात्री दिवा मालवून दाराखालून जिन्यातला उजेड दिसतो का बघा. दिसला तर ट्रकही तिथूनच येतोय. तिथं जुन्या शहापुरी लुगड्याची घट्ट गुंडाळी कामचलाऊ. चौकटीला मात्र चिकट रबरी पट्टीच लावा. खोली सोडताना निघते, घरमालकाची कटकट नाही. आणि जाड पडदा? धूळ अडवेल.